चापडा आणि चांदीची अंगठी

आधी अंगठी काढा. बाकीचं सगळं नंतर वाचा.

ज्यांच्या घरात आत्ता कुणाला साप चावलाय आणि योगायोगानं हा अंक हाताशी आहे, त्यांच्यासाठी माझ्या सगळ्या लिखाणात एवढं एकच वाक्य कामाचं. अंगठी, बांगडी, घड्याळ, जोडवी, मनगटातला दोरा, अंगाला वेढून बसलेलं जे असेल ते सूज चढायच्या आत उतरवा आणि थेट दवाखाना गाठा. कडुलिंब नको, मांत्रिक नको, ब्लेडनं कापाकापी नको. माझ्यासारखा शहाणा मास्तर तर अजिबात नको.

उरलेलं मी आठ वर्षं लिहायचं टाळलं. मी मुळातच कमी बोलणारा. लोकांना तो सभ्यपणा वाटतो. त्यातला बराचसा भित्रेपणा आहे, हे माझं मला माहीत आहे.

बाटली

शिवाजी पेठेला लागून आमची शाळा. मी तिथं जीवशास्त्र शिकवतो. पदवी वनस्पतिशास्त्राची, पानं-फुलं मला ओळखता येतात, प्राणी मला पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांपुरते येत. पण शाळेत असं कबूल करता येत नाही. जो झाडं शिकवतो त्यानंच बेडूक आणि साप शिकवायचे.

प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बाटल्या होत्या. त्यांतल्या एकीत एक साप. आजऱ्याकडच्या एका पालकांनी मारून आणून दिलेला. आला तेव्हा हिरवागार होता, बाटलीत महिन्याभरात रंग उतरून निळसर-राखी पडला. हिरवा होता म्हणजे हरणटोळ, असं मी ठरवून टाकलं आणि माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'हरणटोळ. बिनविषारी.'

चिठ्ठी दोन्हीकडून चूक होती. तो हरणटोळ नव्हता, आणि हरणटोळालाही थोडं विष असतंच. पण शाळेत चिकटवलेली चिठ्ठी कोण तपासतो? वर्षानुवर्षं पोरांनी ती वहीत उतरून घेतली.

त्या बाटल्या पुसायचं काम दस्तगीरचं. दस्तगीर प्रयोगशाळेचा परिचर, माझ्याच वयाचा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला सर म्हणायचा. लग्नसराईत तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. त्याचे वडीलही तेच वाजवत. त्यांची चांदीची अंगठी, तांबूस अकीकाच्या खड्याची, दस्तगीरच्या डाव्या हाताच्या अनामिकेत असे. वाजवताना ती वाद्याला लागून बारीक टकटक होई. माझ्या पुतण्याच्या लग्नात मी त्याच्या शेजारी उभा होतो, तेव्हा ऐकली होती.

करवंदीची जाळी

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. शाळेची तपासणी व्हायची होती आणि बाटलीतला साप अगदीच कळकट दिसत होता. ताजा, हिरवा हरणटोळ हवा असं माझ्या डोक्यात बसलं. एका रविवारी सकाळच्या एसटीनं दस्तगीरला घेऊन गगनबावड्याला गेलो. नागपंचमीला चार दिवस होते. पाऊस धुकट, न थांबणारा.

दुपारी बाराच्या सुमाराला करवंदीच्या जाळीत तो दिसला. हिरवा. शेपटीचा वेढा फांदीला, अंग गोळा करून, मुंडकं पुढं. आम्ही हातभर अंतरावर जाऊन उभे राहिलो तरी हलेना.

दस्तगीर म्हणाला, "सर, मुंडकं बघा की. हरणटोळाचं तोंड सुईवानी आसतंय. ह्येचं तिकोनी हाय."

"आपल्या बाटलीत कोणता आहे?"

"त्यो ह्येच्यासारखाच हाय. म्हनूनच म्हनतोय."

"मग? बाटलीवर काय लिहिलंय?"

"लिवलंय तुमीच की."

आता जे लिहितो ते सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीलाही पुरतं सांगितलेलं नव्हतं. त्या क्षणी मला दिसलं होतं. मुंडकं तिकोनी होतं. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये टोचून पाडल्यासारखा खळगा होता. दस्तगीरचं बरोबर आहे, हे मला लख्ख कळलं, आणि ज्यानं रोज माझ्या बाटल्या पुसायच्या त्यानं माझी चिठ्ठी चूक ठरवावी याचा मला राग आला. त्या रागात मी हात घातला.

सापानं फांदी सोडली नाही. शेपटीवरच वळला आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दात रुतवून लटकला. मी ओरडत हात झटकतोय, तो सुटत नाही. दस्तगीरच्या उजव्या हातात छत्री होती. ती टाकायला लागला असता अर्धा पळ, तेवढाही त्यानं घालवला नाही. डाव्या हातानंच मान धरून त्यानं साप ओढून काढला. सुटता सुटता तो त्याच्या अनामिकेला लागला, अंगठीच्या जरासा पुढं. मग खाली जाळीत पडला, दोन हात सरकला आणि पुन्हा दुसऱ्या फांदीला तसाच वेढा घालून बसला. जणू आम्ही तिथं नव्हतोच.

हात पेटला होता. हिरव्या मिरच्या वाटून कातडीखाली भरल्यासारखी आग. दस्तगीर आपलं बोट बघत होता.

"सर, अंगठी काढून ठिवू का? बोट जड व्हाया लागलंय."

मी म्हणालो, "कशाला? बिनविषारी आहे. उगीच बाऊ करू नकोस."

गगनबावड्याच्या स्टँडवर दीड तास एसटीची वाट बघितली. सरकारी दवाखाना समोर होता. मी तिकडं पाठ करून उभा राहिलो. आत गेलो असतो तर कोणता साप हे सांगावं लागलं असतं.

कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "पावणं, हात केवढा टरारलाय! काय झालं?"

"गांधीलमाशी."

त्यानं दस्तगीरचा हात बघितला. "आनि ह्येस्नी? एकच माशी दोगास्नी पुरली व्हय?"

वाटेत कळे गावाला गाडी थांबली तेव्हा दस्तगीर काहीतरी म्हणाला. मी डोळे मिटून बसलो होतो. कोल्हापूर येईपर्यंत माझी सूज कोपराच्या वर गेली होती आणि दस्तगीरचं बोट काळं-निळं होऊन अंगठी मांसात बुडाली होती.

कोणता साप?

दवाखान्यात पहिला प्रश्न तोच. मोठ्या सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर होते. मी म्हणालो, "हरणटोळ." त्यांनी माझ्या दंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सर, तुम्ही काय करता?"

"जीवशास्त्र शिकवतो."

"मग पुन्हा एकदा नीट सांगा."

मी पुन्हा हरणटोळच सांगितलं. त्या उत्तरावर विश्वास ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. त्यांनी घोणस नाहीतर फुरसं धरून आम्हा दोघांना सर्पविषाची लस चालू केली. पाऊण तासात मला हुडहुडी भरली, अंगावर गांध्या उठल्या, श्वास घुसमटला. लस थांबवून दुसरी इंजेक्शनं द्यायची धावपळ झाली. मी मरतो की काय, असं सुमनला तेव्हाच वाटलं. साप चावल्यामुळं नव्हे, खोटं बोलल्यामुळं मरायची वेळ आली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

शेवटी दस्तगीरनं पलीकडच्या खाटेवरून सांगितलं, "डॉक्टरसाहेब, हिरवा हुता, पर हरणटोळ न्हवं. तिकोनी मुंडकं. शेपटीनं फांदी धरल्याली. डोळ्याम्होरं भोक."

डॉक्टरांनी घाटाखाली नोकरी केली होती. ते चटकन म्हणाले, "चापडा. अहो, मग आधी सांगायचं ना! ही लस त्याच्यावर नाहीच." ती चार सापांच्या विषावर असते आणि चापडा त्या चारांत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी जीवशास्त्र शिकवत होतो.

मग त्यांनी दस्तगीरचा हात वर धरला आणि आवाज चढवला. "आणि ही अंगठी? ही का नाही काढली?"

दस्तगीर म्हणाला, "माज्या ध्यानातच आलं न्हाय, साहेब."

साबण झाला, दोरा गुंडाळून झाला. अंगठी हलेना. शेवटी गुजरीतून एक सोनार आणला. त्यानं बारीक करवत काढली, चष्मा चढवला आणि बोट बघूनच कळवळला. "अगा पावणं, मला आदी बलवायचं न्हाय का?" अंगठी दोन तुकड्यांत निघाली. खडा फरशीवर घरंगळत माझ्या खाटेखाली गेला. हमिदा, दस्तगीरची बायको, माझ्या खाटेखाली वाकून तो शोधत होती आणि मी छताकडं बघत होतो.

नळी

चापड्याच्या विषानं माणूस सहसा मरत नाही. रक्त मात्र गोठायचं विसरतं. म्हणून रोज सकाळी नर्सबाई येऊन दोघांचं थोडं थोडं रक्त काचेच्या नळ्यांत घ्यायच्या, खिडकीत उभ्या करून ठेवायच्या आणि वीस मिनिटांनी तिरक्या करून बघायच्या. रक्त वाहिलं तर वाईट, थिजलं तर चांगलं. अख्खा वॉर्ड चहा पीत त्या नळ्यांकडं टक लावून बसे. कुणीतरी विचारीच, "आज मास्तरांची का दस्तगीरभाईची?" पहिले तीन दिवस दोन्ही नळ्या वाहत्या राहिल्या. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर पाण्याचे फोड आले होते, उशीवर हात ठेवला तरी कळ मस्तकात जायची. चौथ्या दिवशी दोन्ही नळ्या थिजल्या आणि कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. सगळ्या आजारपणात मला निखळ बरं वाटलं ते तेवढंच.

वैताग होता तो माणसांचा. कोल्हापूरचा माणूस आजाऱ्याला भेटायला येतो तो गप्प बसायला येत नाही. कुणी साप म्हणत नव्हतं. 'जनावर' म्हणत, 'पान लागलंय' म्हणत. नागपंचमीच्या तोंडावर जनावराला हात लावायची बुद्धी झालीच कशी, हे प्रत्येकानं विचारलं. चापडा डूख धरतो, घर हुडकत येतो, हेही सांगून झालं. दिवसच्या दिवस एका फांदीवरून न हलणारं ते जनावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर चालत शिवाजी पेठेत कशाला येईल? पण मला बोलायची ताकद नव्हती.

आमचे चुलते, नाना, कडुलिंबाची डहाळी घेऊन आले. चव कडू लागली की विष उतरलं म्हणे.

"कडू लागतंय का?"

"कडुलिंब कडूच लागणार, नाना."

"मग वाचलास! दस्तगीर, तुला रं?"

दस्तगीर चघळत म्हणाला, "मला बी कडूच. गोड लागला आसता तर घरवालीला पोतंभर आनायला लावला आसता."

त्याचं बोट तेव्हा कोळशासारखं काळं होतं.

सहाव्या दिवशी हेडमास्तर आले. माझी चौकशी केली, मग दस्तगीरच्या खाटेकडं नजर टाकून म्हणाले, "काय हे! एवढी साधी अक्कल नको? तुम्ही तरी सांगायचं ना सर, अंगठी काढ म्हणून."

मी म्हणालो, "सांगितलं होतं हो मी."

बोललो. शब्द स्पष्ट होते. दस्तगीर जागा होता. त्यानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटाची वरची दोन पेरं कापली.

डबा

त्या दिवसांत सुमन आणि हमिदा यांनी एकमेकींच्या सोयीनं डबे वाटून घेतले होते. सकाळचा आमचा, संध्याकाळचा त्यांचा. माझा उजवा हात निकामी, म्हणून सुमन घरी गेली की हमिदा मला भात कालवून चमच्यानं भरवायची. नवऱ्याला आधी भरवायची, मग मला. "खावा भाऊजी. रगत भराय पायजे." मी तोंड उघडायचो. त्या तोंडातून एक वाक्य बाहेर पडलं असतं तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी मला घरी सोडलं. त्या संध्याकाळी मी सुमनला अंगठीचं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"म्हंजे त्येनं इचारलंतं? आनि तुमी नको म्हनला?"

"हो."

"वर हेडमास्तरास्नी सांगितलं, मी सांगितलं हुतं म्हनून?"

मी हातावरची पट्टी नीट करायला लागलो.

"सूज हाताला आलती का तोंडाला? हमिदाच्या हातचं चार दिस खाल्लंय तुमी. जावा आनि सांगा."

"सांगतो."

"कवा?"

ते 'कवा' आठ वर्षं आमच्या घरात राहिलं. प्रत्येक ईदला हमिदाचा शीरखुर्मा यायचा. सुमन पातेलं माझ्यासमोर ठेवायची, झाकण काढायची आणि आत जायची. लोक विचारतात, आजारपणात घर कसं सांभाळलं? आजारपणात घर ठीक होतं. नंतर कठीण गेलं.

अक्षर

शाळेत हजर झालो त्या दिवशी, मधल्या सुट्टीत कुणी नसताना, मी बाटलीवरची चिठ्ठी भिजवून काढली आणि नवी लावली : 'चापडा. विषारी.' कुणाच्या लक्षात आलं नाही. दीड महिन्यानं दस्तगीर कामावर आला. फडकं घेऊन बाटल्या पुसता पुसता त्या बाटलीपाशी थांबला, वाचलं.

"अक्षर झ्याक आलंय, सर," म्हणाला, आणि पुढची बाटली घेतली.

मग मी चापड्याबद्दल मिळेल ते वाचलं. कशासाठी, ते मला सांगता येत नाही. तो अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. पिल्लं शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून बेडकाला जवळ बोलावतात. त्या खळग्यांनी त्याला अंधारात उंदराची ऊब कळते. तो माणसाच्या वाटेला जात नाही. पानांत पान होऊन बसतो आणि आपण हात घातला तर चावतो. त्याच्यावर चिडायला कुठं जागाच सापडेना. सगळा वैताग फिरून माझ्याकडंच येई.

दस्तगीरचं क्लॅरिनेट सुटलं. अनामिकेखालचं भोक त्याला झाकता येईना. बँडवाल्यांनी त्याला झांजा दिल्या. एका वरातीत मी त्याला बघितलं. मला बघून हसला, "लई सोपं काम, सर. फुंकायला लागत न्हाय." त्याच्या जागी दुसरा कुणीतरी क्लॅरिनेट वाजवत होता. ती टकटक अर्थातच नव्हती.

दुरुस्ती

हे सगळं लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी मी दस्तगीरच्या घरी गेलो. सुमन बरोबर आली. मी वाटेतून परत फिरेन अशी तिला शंका होती आणि ती रास्त होती. हमिदानं चहा ठेवला. मी वाचायला सुरुवात केली. हेडमास्तरांच्या प्रसंगापाशी थांबलो, तेव्हा दस्तगीर म्हणाला, "वाचा की. मी ऐकलंय त्ये, तितंच हुतो."

पुरं वाचलं. हमिदा पदरानं डोळे पुसत नव्हती. ती माझ्याकडं सरळ बघत होती आणि ते सोसवत नव्हतं. माफी मागितली. दोघांपैकी कुणीही 'राहू दे' म्हणालं नाही. ते बरंच झालं.

चहाचा कप खाली ठेवून दस्तगीर म्हणाला, "लिवलंय बरूबर. एक चुकलंय."

"काय?"

"तुमी लिवलंय, अंगठी काढू का म्हनून मी एकदा इचारलं. मी तीनदा इचारलं, सर. एकदा जाळीपाशी. एकदा ष्टँडवर, दवाखान्याम्होरं. आनि एकदा कळ्यात, गाडी थांबली तवा."

"मला ते आठवत नाही."

"मला हाय की ध्यानात." त्यानं डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्या उरलेल्या पेराभोवती, जिथं अंगठी असायची तिथं, हळू फिरवून दाखवलं. "कळ्यात आवळली हुती, पर अजून फिरत हुती. थुकी लावून निघाली आसती."

म्हणून वर करवंदीच्या जाळीपाशी मी एकदा लिहिलंय तिथं वाचणाऱ्यांनी तीनदा वाचावं. खोडून नीट करून लिहिता आलं असतं. पण माझी चिठ्ठी मी एकदा कुणी बघत नसताना बदलली आहे. ही सगळ्यांसमोर बदलतो.

तीनदा विचारलं होतं त्यानं.